शाल्मलीची फळी आणि आमच्या आयांचा दगड

इंदोरा, पाचपावली, रामबाग, इमामवाडा या नागपूरच्या जुन्या वस्त्यांमधून कवेलूची घरे झपाट्याने नाहीशी होत आहेत. मुलगा बँकेत लागतो, मुलगी शिक्षिका होते, कर्ज मंजूर होते आणि मातीच्या भिंतींच्या जागी दोन मजली स्लॅब उभा राहतो. याचा आम्हाला आनंदच आहे. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले ते जन्मभर भिंती सारवीत बसण्यासाठी नव्हे. परंतु घर पाडण्याच्या दिवशी अंगणात जो ढीग लागतो, त्याकडे कोणी नीट पाहत नाही, ही आमची तक्रार आहे. चौकटीला आणि दारांना गिऱ्हाईक मिळते. पितळेची भांडी इतवारीत मोडीला जातात. कोळशाची इस्त्री कबाडी लोखंडाच्या भावाने उचलून नेतो. आणि न्हाणीजवळचा धुण्याचा दगड, दोन-दोन तीन-तीन पिढ्यांच्या बायांनी घासून घासून मधोमध खोलगट केलेला, तो मलब्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये पडतो. त्याला तर कबाडीही हात लावत नाही.

तीच इस्त्री पुढे कुठे जाते? शहरातल्या एखाद्या महागड्या हॉटेलात, पिवळ्या दिव्याखाली, काचेच्या कपाटात. तिला घासून-पुसून चकचकीत केलेले असते, शेजारी एक कंदील आणि एक ग्रामोफोन ठेवलेला असतो आणि सूटबूट घातलेली मंडळी तिच्याकडे बघत सूप पितात. "काय सुंदर अँटिक पीस आहे!" असे कौतुक होते. ही इस्त्री कोणी फिरवली, दिवसाला किती कपड्यांवर फिरवली, कोळशाच्या धगीने कोणाची बोटे भाजली, याची विचारपूस तेथे होत नाही. वस्तू शिल्लक राहते आणि माणूस गळून पडतो. जुन्या वस्तूंच्या बाजाराची रीत सगळीकडे हीच आहे काय, असा प्रश्न आम्हाला पडला, म्हणून थोडे बाहेर पाहिले.

अमेरिकेत कपडे घासण्याची फळी असते. लाकडी चौकट आणि तिच्यात आडव्या पन्हाळ्या पाडलेला पत्रा. अशा पत्र्याच्या फळीचे पेटंट न्यूयॉर्क राज्यातल्या स्टीफन रस्ट नावाच्या गृहस्थाने १८३३ मध्ये घेतले. पुढे जस्ताच्या, पितळेच्या, मुलामा दिलेल्या पत्र्याच्या फळ्या निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा काचेच्या पन्हाळ्यांच्या फळ्या मोठ्या प्रमाणावर खपल्या. धुलाईयंत्र आले आणि फळी माळ्यावर गेली. आता तिचा संग्रह करणारे लोक आहेत. पितळी फळीला जस्ताच्या फळीपेक्षा जास्त भाव, काच न तडकलेली असेल तर आणखी, चौकटीवरचे कारखान्याचे नाव वाचता येत असेल तर त्याहून अधिक, असा त्यांचा हिशोब असतो. लहान, प्रवासात नेण्याजोग्या फळ्या दुर्मिळ म्हणून महाग. ओहायो राज्यात १८९५ पासून फळ्या बनवणारी एक कंपनी अजूनही फळ्या बनवते. लुईझियानातल्या काळ्या संगीतकारांनी तर या फळीचे वाद्य केले. छातीवर अडकवण्याजोगा पन्हाळीदार पत्रा करवून घेतला आणि तो चमच्यांनी वाजवून अख्ख्या गावाला नाचवले. कष्टाच्या हत्यारातून ताल काढणे काय असते, हे आमच्या हलगीवाल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पण भाव ठरवताना फळीची काच पाहतात, पत्रा पाहतात, शिक्का पाहतात. हात पाहत नाहीत. आणि त्या फळीवरचे हात, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, बहुतकरून काळ्या स्त्रियांचे होते. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी काळ्या बाईला दुसऱ्याचे कपडे धुणे आणि दुसऱ्याच्या घरी राबणे याखेरीज फारसा धंदा उरला नव्हता. तरीही या बायांनी काय करून दाखवले ते आमच्या वाचकांना ठाऊक असले पाहिजे. जुलै १८८१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात वीसेक धोबिणींनी आपली संघटना केली. बारा पौंड कपड्यांना एक डॉलर असा एकच दर मागितला आणि संप पुकारला. तीन आठवड्यांत ही संख्या तीन हजारांच्या घरात गेली. पुढारी बायांना अटक झाली, दंड झाले, धोबिणींनी वर्षाला २५ डॉलर परवाना फी भरावी असा ठराव नगरपालिकेपुढे आला. बायांनी उत्तर पाठवले की फी भरू, मात्र मग दर आम्ही ठरवू. शेवटी तो ठराव बारगळला. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला, तो १८७३ मध्ये. त्यानंतर आठ वर्षांनी गुलामांच्या लेकींनी ही लढाई लढली.

आणखी एक नाव सांगतो. ओसिओला मॅकार्टी. मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्ग गावची ही काळी बाई १९०८ साली जन्मली. आजारी मावशीच्या सेवेसाठी सहावीत शाळा सुटली आणि ती लोकांचे कपडे धुऊ लागली. अंगणात काळ्या हंड्यात कपडे उकळायचे, फळीवर घासायचे, इस्त्री करायची. मध्ये एकदा तिने धुलाईयंत्र विकत आणले, पण त्याचे काम तिला पसंत पडेना. पुन्हा हंडा आणि फळी. असे आयुष्यभर करून, पै पै साठवून, १९९५ मध्ये तिने आपल्या गावच्या विद्यापीठाला गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दीड लाख डॉलर दिले. ज्या विद्यापीठाने १९६५ पर्यंत काळ्या मुलांना दारातसुद्धा उभे केले नव्हते, त्याच विद्यापीठाला! १९९९ मध्ये ती वारली. आता सांगा, तिच्या हाताखालची फळी आणि दुकानात मांडलेली कोणतीही चकचकीत पितळी फळी, यांत मोलाची कोणती? बाजाराला हा प्रश्न विचारता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात धुण्याच्या फळीचा उल्लेख फार जुना आहे आणि तो कोठे आहे हे वाचून वाचकांना नवल वाटेल. तो मनुस्मृतीत आहे. आठव्या अध्यायात राजाने कारभार कसा करावा हे सांगता सांगता मनू धोब्याकडे वळतो आणि आज्ञा करतो की त्याने शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या गुळगुळीत फळीवर कपडे हळूहळू धुवावेत, एकाचे कपडे दुसऱ्याला देऊ नयेत, कोणाला वापरायला देऊ नयेत. सावरीचे लाकूड मऊ आणि हलके, म्हणून धन्याचे वस्त्र फाटायचे नाही. वस्त्राची केवढी ही काळजी! आणि धुणाऱ्याची? त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात, ज्यांचे अन्न ब्राह्मणाने खाऊ नये त्यांची यादी आहे. तीत कुत्री पाळणारे आहेत, दारू विकणारे आहेत आणि कपडे धुणाराही आहे. म्हणजे त्याने स्वच्छ केलेले धोतर नेसून पूजेला बसायचे आणि त्याच्या घरची भाकर मात्र विटाळाची. दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावे हेही मनूने ठरवून दिले आहे. त्याने मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत. महारांच्या तथाकथित बावन्न हक्कांत मढ्यावरच्या कापडाचा 'हक्क' कोठून आला, हे वेगळे सांगायला नको.

एका ग्रंथात कापडाविषयी तीन जागी तीन आज्ञा: धन्याचे वस्त्र जपा, धुणारा अशुद्ध, आणि सर्वांत खालच्याला प्रेताचे वस्त्र. बाबासाहेब ज्याला क्रमिक विषमता म्हणत, तिचा यापेक्षा स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही. परीटही बलुतेदार आणि महारही बलुतेदार. गावगाड्यात दोघेही राबणारे, दोघांनाही खळ्यावर वाटा घेण्यासाठी ताटकळावे लागे. पण परटाच्या खाली महार आहे, एवढ्या समाधानावर परटाला शांत ठेवले गेले.

याचा परिणाम काय झाला ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणी १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. त्यांत साताऱ्याचे दिवस आहेत. घरचे कपडे त्यांच्या बहिणी धूत असत. साताऱ्यात धोबी नव्हते असे नव्हे, आणि धोब्याला द्यायला सुभेदारांच्या घरी पैसे नव्हते असेही नव्हे. अस्पृश्याचे कपडे धोबी धुणार नाही, एवढेच कारण होते. केससुद्धा मोठी बहीण कापायची, कारण न्हावी हात लावणार नव्हता. वाचकहो, पाण्याची आणि गोरेगावच्या बैलगाडीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. या धुण्याच्या गोष्टीवरून आपली नजर मात्र घसरून जाते, कारण धुणे हे बायांचे काम आणि बायांच्या कामाला इतिहास असतो हे आपल्यालाही मनापासून पटलेले नाही.

म्हणून आमच्या घरांतला धुण्याचा दगड हा नुसता दगड नाही, असे आम्ही म्हणतो. सवर्णांच्या वाड्यातही धुण्याचा दगड होता, पण तेथे मोठे धुणे परीट घेऊन जाई. आमच्या घरी दगडाखेरीज दुसरा मार्गच नव्हता. लग्नाचे धुणे, बाळंतिणीचे धुणे, सुतकाचे धुणे, गिरणीतून आलेल्या नवऱ्याचे रुईने आणि तेलाने माखलेले कपडे, सगळे त्याच दगडावर. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये आमच्या वस्त्यांतल्या किती तरी पिढ्या राबल्या. सूत त्यांनी काढले, कापड बाजारात गेले आणि त्यांचे स्वतःचे कपडे त्यांच्या बायकांनी रिठ्याने, राखेने, धुण्याच्या सोड्याने धुतले. विहिरीवर मज्जाव असेल तर नाल्यावर, तलावाच्या एका बाजूला, नाग नदीच्या काठी. आज नाग नदीत पाय बुडवण्याची कोणाची हिंमत होणार नाही. तिचे गटार झाले आहे.

मग परीट आपला शत्रू होता काय? आम्ही तसे मानत नाही आणि मानू नये. आमच्या विदर्भात त्याला वरठी म्हणतात. त्याने आमचे कपडे घेतले नाहीत हे खरे, पण घेतले असते तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. ज्याने नियम केला तो वेगळा आणि ज्याच्याकडून तो पाळून घेतला तो वेगळा. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे तर दलितांचे कपडे धुणारी पुदिरै वण्णार नावाची जात आहे. त्यांनी दिवसा कोणाच्या दृष्टीला पडू नये, रात्री कपडे धुवावेत, असा एके काळी दंडक होता. म्हणजे अस्पृश्यांच्याही खाली 'अदृश्य'. शिडी किती खोल जाते बघा.

आणि याच परीट समाजाने आम्हाला गाडगेबाबा दिले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर हा परटाचा पोर. जातीचा धंदा लोकांचे कपडे धुण्याचा आणि याच्या अंगावर मात्र चिंध्यांची गोधडी! लोकांचे कपडे सोडून त्याने लोकांची गावे आणि डोकी धुवायला घेतली. पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबाही गेले. उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये धोबी अनुसूचित जातीत आहे आणि महाराष्ट्रात तो इतर मागासवर्गात. दगड तोच, भट्टी तीच, राज्याची सीमा ओलांडली की यादी बदलते. या विषयावर कधीतरी स्वतंत्र लिहू.

वरठ्याची एक गोष्ट मात्र आम्हाला येथे सांगितलीच पाहिजे. शंभर घरचे कपडे एका भट्टीत जायचे आणि बरोबर ज्याचे त्याला परत मिळायचे. कसे? बिब्ब्याने. बिब्ब्याच्या तेलाने कॉलरच्या आत किंवा धोतराच्या कोपऱ्याला खूण करायची, वर चुना लावायचा. ती खूण काळी कुळकुळीत उमटते आणि कापड फाटले तरी जात नाही. एक ठिपका, दोन ठिपके, आडवी रेघ, फुली, त्रिशूळ, प्रत्येक घराची खूण वेगळी आणि ती सगळी वरठ्याच्या आणि वरठिणीच्या डोक्यात. अक्षरओळख नाकारलेल्या माणसांनी स्वतःची लिपी तयार केली होती! दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर या खुणांमुळे फोड आले आणि त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. गोऱ्या सैनिकाची मान खाजली त्याची नोंद झाली. वर्षानुवर्षे बिब्बा हाताळून ज्यांच्या बोटांची कातडी सोलली, त्यांच्या बोटांची नोंद कोण करणार? अशा खुणा असलेले एखादे जुने कापड कोणाच्या पेटीत असेल तर ते फडके म्हणून वापरू नये.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. आमच्यातलेच काही सुशिक्षित मित्र म्हणतात, "बाबासाहेबांनी गुलामीच्या खुणा टाकून द्यायला सांगितल्या. महाडला बायांना गोठ-पाटल्यांचे ओझे उतरवायला सांगितले. मग तुम्ही हे दगड आणि थाप्या कशाला गोळा करायला सांगता? आमच्या मुलांनी आता मोहेंजोदडो बघावे की आजीची मोरी?"

आक्षेप बिनबुडाचा नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, म्हणजे ती शाल्मलीची फळीही त्या पानांबरोबर जळाली. त्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ते नेसणे आणि ते दागिने सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शाळेत घाला. त्याच सुमारास इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांवर सवर्णांनी जे नियम लादले, ते 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी नोंदवले आहेत. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, जरीकाठी पागोटे बांधायचे नाही. म्हणजे कापड ही लढाईची जागा होती आणि आमच्या बायांनी ती लढाई दगडावर लढली. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तेथेही बाबासाहेबांचे पहिल्यापैकी एक सांगणे स्वच्छतेचेच होते. त्या परिषदेला आलेल्या हजारो बाया कोणत्या कपड्यात आल्या असतील? धुऊन, पिळून, निळ घालून वाळवलेल्या. आणि १४ ऑक्टोबर १९५६? बाबासाहेब स्वतः पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून उभे होते आणि समोर पांढऱ्या वस्त्रांतला लाखोंचा समुदाय. ते पांढरेपण कोणत्या धोब्याने दिले नव्हते. नागपूरच्या वस्त्यांतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या दगडांवर, त्या आधीच्या दिवसांत, थाप्यांचा आवाज किती वेळ चालला असेल याचा विचार करून पाहावा. दीक्षाभूमीचे छायाचित्र आपण भिंतीवर लावतो. त्या छायाचित्रातला पांढरा रंग कुठून आला, हे सांगणारा दगड आपण ट्रॅक्टरमध्ये टाकतो.

अंगावरून टाकणे आणि आठवणीतून टाकणे यांत फरक आहे. बाबासाहेबांनी बहिणींच्या धुण्याची गोष्ट लपवली नाही. ती लिहून जगापुढे मांडली. वॉशिंग्टनमध्ये २०१६ साली काळ्या अमेरिकनांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. त्यात गुलामांच्या पायातल्या बेड्या आहेत, साउथ कॅरोलिनातली गुलामांची अख्खी झोपडी आणून उभी केली आहे. त्या बेड्या पुन्हा कोणी पायात घालाव्यात म्हणून त्या ठेवलेल्या नाहीत. हे मात्र आम्ही स्पष्ट सांगतो की दगडाचे गुणगान आम्हाला गायचे नाही. "जुन्या काळी बायका कशा निरोगी असत, कपडे आपटून व्यायाम होई" असे म्हणणारे महाभाग बहुधा त्या दगडावर कधी वाकलेले नसतात. घरात धुलाईयंत्र आले हे उत्तम झाले. आमच्या सुनांना तो दगड परत द्या असे आम्ही म्हणत नाही.

मग ठेवायचे कोठे आणि कोणी? नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभा आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय प्रसिद्ध आहे. केळकरांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि त्या महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. दिवे, अडकित्ते, वज्री, तांब्या-पितळेची भांडी. एकट्या माणसाचे हे काम थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण जे सुंदर आणि कोरीव, ते ज्यांच्या घरी होते त्यांच्याच घरून येणार. ओबडधोबड दगड कोरीव नसतो, म्हणून तो निवडला जात नाही. ती निवड आपली आपण करायची असते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत. नानकचंद रत्तूंनी जपलेल्या आणि वामनराव गोडबोल्यांच्या खटपटीने तेथे आलेल्या. कोट, टोपी, टाय, टाइपरायटर. रत्तूंनी त्या वस्तू भंगार म्हणून टाकल्या असत्या तर? कापड हे सर्वांत आधी नष्ट होणारे द्रव्य. तेथल्या कपड्यांवर शास्त्रीय प्रक्रिया करावी लागली ती म्हणूनच. २०२१ मध्ये अंबाझरीच्या काठचे डॉ. आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले तेव्हा आमच्या बाया पुढे धरण्यावर बसल्या. इमारतीसाठी आम्ही रस्त्यावर येतो, पण घरातल्या वस्तूसाठी कपाटातला एक खणही रिकामा करत नाही.

कायद्याच्या भरवशावर राहून चालणार नाही. १९७२ चा पुरावशेष कायदा, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, त्याप्रमाणे वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तरच ती पुरावशेष. हस्तलिखितांना ७५ वर्षांची सवलत आहे. या हिशोबाने धम्मदीक्षेच्या दिवशीची पांढरी साडी २०५६ मध्ये पुरावशेष होईल. तोपर्यंत ती गोधडीत शिवली गेलेली असेल आणि ती गोधडीही फाटलेली असेल.

तेव्हा आता काय पाहायचे ते सांगतो, कारण जतन करायचे म्हटले की लोक आधी ब्रश घेऊन घासायला बसतात. धुण्याचा दगड बहुधा काळा बसाल्ट असतो, कामठीकडे वालुकाश्मही सापडतो. त्याची झीज हीच त्याची किंमत. कोणत्या बाजूला अधिक झिजला आहे ते पाहावे, त्यावरून बाई कोठे उकिडवी बसत होती आणि कोणत्या हाताने घासत होती ते कळते. मधूनमधून टाकी लावून त्याला पुन्हा खरखरीत केले असेल तर त्या घावांच्या खुणा दिसतात. साबणाचा आणि चुन्याचा थर तेजाबाने काढू नये. थापीची कड गोल झालेली असते, कधी तडकल्यावर तारेने बांधलेली असते. ती तार काढू नये, कारण नवी थापी घ्यायला पैसे नव्हते हे तीच तार सांगते. इस्त्रीच्या पोटात राखेचा आणि गंजाचा थर असतो, मूठ दोन-तीनदा बदललेली असते, तळ चरे पडून एका बाजूने झिजलेला असतो. पितळेच्या सुबक इस्त्र्या, ज्यांच्या खटक्यावर कोंबडा बसवलेला असतो, त्यांबद्दल जरा सावध राहावे. मुरादाबादेत आणि इतरत्र नवे पितळ ओतून, तेजाबाने काळवंडून 'जुने' म्हणून विकण्याचा धंदा जोरात आहे. अशा इस्त्रीच्या आत राख नसते आणि तळ आरशासारखा सपाट असतो. कामाची इस्त्री कधीच इतकी सुंदर नसते.

पण दगड, थापी, इस्त्री यांपेक्षा त्यांच्याबरोबरचे बोलणे आधी जाणार आहे. ज्या बाया १९५६ मध्ये लग्न होऊन आल्या होत्या त्या आज नव्वदीच्या आसपास आहेत. एका वहीत, मोठ्या अक्षरात, त्यांच्याकडून एवढे लिहून घ्यावे: दगड कोणाचा, तो कोठून आणला, कोणी वाहून आणला, त्यावर कोणाकोणाचे कपडे धुतले, पाणी कोठून आणायचे आणि किती खेपा, वरठी कधीपासून घरचे कपडे घेऊ लागला की कधीच घेतले नाहीत, आणि दीक्षेच्या आधी काय काय धुतले. जिथे दुसऱ्याच्या घरी धुणे करून पोट भरले असेल तिथे महिन्याचा पगार किती होता तेही लिहावे, लाजू नये. प्रत्येक वस्तीत विहार आहे, बहुतेक विहारांत वाचनालयाची एक खोली आहे आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात एक दगड मावतो. वरठी समाजाच्या मंडळींनाही त्यासाठी बोलवावे. भट्टीचे आणि बिब्ब्याच्या खुणांचे ज्ञान त्यांच्याकडेच आहे आणि तेही त्याच वेगाने विस्मरणात चालले आहे. ज्यांच्या घराचे काम या उन्हाळ्यात निघणार आहे त्यांनी ठेकेदाराशी बोलतानाच सांगून ठेवावे की न्हाणीजवळचा दगड बाजूला काढायचा आहे; मजूर पहाटे येतात आणि ट्रॅक्टर भरायला त्यांना तासभरही लागत नाही.